पाय धुणारे हात

सोलापूरच्या चैत्रात दुपार उतरत नाही, ती भिंतींत मुरते. साखर पेठेच्या, अशोक चौकाच्या बोळांतून त्या वेळी उंबऱ्यांशी बायका बसलेल्या असतात. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, तंबाखूचा ढीग, दोऱ्याची गुंडी, आणि शेजारी, पदराच्या सावलीत, कुणाचं तरी झोपलेलं बाळ. कात्री चालते. तेलुगू आणि मराठी एकाच वाक्यात नांदतात. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. मध्येच बाळ कुरकुरलं की पाय हलू लागतो, हात मात्र थांबत नाहीत. हजार विड्यांवर मजुरी ठरते. छाट म्हणून बाजूला पडलेल्यांचे पैसे नाहीत. विड्यांचा हिशेब कारखान्याच्या वहीत चढतो, त्या पायाच्या झोक्याचा कुठेच नाही.

माझ्या आईला सांभाळणाऱ्या मावशी अशाच एका बोळातून येतात. अर्धं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून त्यांनी हे काम धरलं. आईला त्या आजी म्हणतात. सकाळी उन्हं खिडकीच्या गजांतून फरशीवर आडवी पडतात, तेव्हा त्या घमेल्यात कोमट पाणी घेतात, खाली बसतात, आणि आईचं एकेक पाऊल उचलून पाण्यात असं ठेवतात की पाणी हिंदकळतसुद्धा नाही. मग टाचेच्या भेगा, घोट्याची निळी शीर, बोटांमधल्या पांढुरक्या बेचक्या, सगळीकडे त्यांचा अंगठा हळूहळू फिरत राहतो, आणि आई, जिनं आयुष्यभर कुणाला आपल्यासाठी पाण्याचा तांब्यासुद्धा भरू दिला नाही, ती डोळे मिटून सगळा भार त्या हातांवर सोडून देते.

तिला लाज वाटत नाही.

हे पाहताना मला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’मधलं शेवटचं भोजन आठवतं. भोजनावरून येशू उठतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊ लागतो. पेत्र पाय मागे घेतो. मला नेहमी त्या मागे घेतलेल्या पायापाशीच थांबावंसं वाटतं. सेवा करण्यापेक्षा ती घेणं किती कठीण! धुणाऱ्याला वाकावं लागतं हे खरंच; पण धुऊन घेणाऱ्याला आपण अपुरे आहोत हे कबूल करावं लागतं. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये आजही धर्मगुरू गुडघे टेकून पाय धुतात. विधीच्या नियमात मात्र ते पाय पुरुषांचेच असायचे. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी रोममधल्या अल्पवयीनांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले, त्यात दोन मुली होत्या. नियम बदलला तो २०१६ च्या जानेवारीत. घरोघरी म्हाताऱ्यांचे, तान्ह्यांचे, आजाऱ्यांचे पाय ज्यांनी धुतले, त्यांचे स्वतःचे पाय त्या पाण्यापर्यंत पोचायला इतकी शतकं लागली.

तरीही त्या गुडघे टेकण्यावर माझं मन जडलं आहे. माणूस परावलंबी असतो, आणि त्यात त्याची मानहानी नाही, हे इतक्या थेट देहानं सांगणारं दुसरं काही मला ठाऊक नाही. याच परावलंबनावर १९९९ साली दोन पुस्तकं आली. एक ॲलस्डेर मॅकिंटायर या कॅथलिक तत्त्वज्ञाचं, दुसरं ईव्हा किटे या स्त्रीवादी तत्त्वज्ञ बाईंचं. दोघांनीही स्वयंपूर्ण माणसाचं चित्र भिंतीवरून उतरवलं; आपण सगळे कुणाच्या तरी हातांत जन्मतो आणि बहुधा कुणाच्या तरी हातांतच संपतो, हे मधल्या चार धडधाकट वर्षांत विसरून जातो. किटे स्वतः गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलीची आई. म्हणून त्या आणखी एक पाऊल पुढे गेल्या: सांभाळणाऱ्याला कोण सांभाळतं? आपल्या मुलीची वर्षानुवर्षं काळजी घेणाऱ्या बाईंबद्दलही त्यांनी लिहिलं.

किटे यांचा हा प्रश्न मला चर्चच्या प्रेमळ शब्दांपेक्षा जास्त जवळचा वाटतो. १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झरसेन्स’ या परिपत्रकात पोप जॉन पॉल दुसरे यांनी आईच्या कष्टांची थोरवी सांगितली. कुटुंब नीट चालेल एवढं वेतन कुटुंबप्रमुखाला मिळावं, म्हणजे बाईला बाहेर राबावं लागणार नाही, असंही सुचवलं. सुचवणाऱ्याच्या मनात माया होती, मला शंका नाही. पण सोलापुरात गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले, कुटुंबप्रमुख चौकात बसून राहिले, आणि घराघरांत चूल पेटती राहिली ती विडीवर. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत विडी कामगार बायकांच्या हाती आली, ती थोरवीच्या गौरवातून आली नाही, मोर्चांतून आली. नुसता गौरव झाला की मोजणी राहून जाते. मोजलं तेव्हा दिसलं: २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्या कामात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, ते करणाऱ्या पुरुषाची ९७.

मावशींची आईही अंथरुणाला खिळलेली आहे. तिच्याजवळ मावशींची मुलगी बसते, मांडीवर सूप घेऊन. म्हणजे माझ्या आईच्या पायांवरून फिरणारा अंगठा दुसऱ्या एका म्हातारीच्या वाट्याचा आहे, आणि त्या म्हातारीपाशी जी थांबली आहे तिची दुपार कुणाच्या वाट्याची, ते मी मनात धरू लागते आणि धागा लांबत जातो, बोळाबोळांतून, उंबऱ्याउंबऱ्यांवरून, बाईकडून बाईकडे.

त्यात एकही पुरुष येत नाही.

गेल्या महिन्यात मावशींनी रविवारची सुट्टी मागितली. “माझ्या आईला न्हाऊ घालायचंय ताई, लेकीला एकटीला उचलत नाही.” पगार तेवढाच राहील, असं आम्ही ठरवलं. रविवारचं काम भावानं घेतलं. बँकेतून निवृत्त झालेला, साठी ओलांडलेला हा माणूस शनिवारी आईच्या खाटेपाशी हात धुऊन उभा राहिला, आणि मावशी त्याला शिकवू लागल्या.

“दादा, ओढू नका. आधी गुडघा वाकवा आजींचा. आता एक हात खांद्यामागं, एक कमरेखाली. आजींना सांगा, कुशीवर वळवतोय म्हणून. सांगितल्याबिगर हात लावायचा नाही.”

“आई,” भाऊ म्हणाला, “कुशीवर वळवतो हं तुला.”

“हां. आता परत एकदा.”