घोडा अंकलीहून चालत येतो

आमच्या फ्रिजवर दोन कागद शेजारी शेजारी लावलेले आहेत. एक मुलीच्या शाळेचं सुट्ट्यांचं पत्रक. दुसरा माझ्या हस्ताक्षरातला, अण्णांनी लोणंदहून पंचांग बघून फोनवर सांगितलेल्या तिथींचा. गेली कित्येक वर्षं हे दोन कागद एकमेकांशी भांडत होते. २०२४ साली आषाढी एकादशी १७ जुलैला होती आणि आपल्या उत्तर विभागातल्या शाळांची उन्हाळी सुट्टी २० जुलैला लागली. यंदा आषाढी ६ जुलैला, सुट्टी १२ पासून. सुट्टी सोडून इतर दिवशी मुलांना शाळेतून काढणं इथे किती कठीण आहे, ते आपल्या मंडळातल्या पालकांना मी सांगायला नको. घरात लग्न असलं तरी अर्ज-विनंत्या कराव्या लागतात, तिथे ‘अठरा दिवस चालत पंढरपूरला जायचंय’ हे कारण कुठल्या रकान्यात लिहिणार?

पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ येतोय. १७ मे ते १५ जून. त्यामुळे आषाढी थेट २५ जुलैवर गेली आहे. माउलींच्या पालखीचं आळंदीहून प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला, म्हणजे सात-आठ जुलैच्या सुमारास. आणि हार्लेमच्या शाळांना सुट्टी लागते शनिवारी, ४ जुलैला! मी तीनदा मोजलं. मग नवऱ्याला मोजायला लावलं. २०२३ लाही अधिक मास होता, पण तो श्रावणात आला, आषाढ उलटून गेल्यावर, त्यामुळे त्या वर्षी आषाढी २९ जूनलाच होती. आता यानंतरचा अधिक मास २०२९ मध्ये. अण्णा आज चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. धोंड्याच्या महिन्यात जावयाला वाण देतात; यंदा लेकीलाही मिळालं, असं मी फोनवर म्हटलं, तर अण्णा म्हणाले, “आधी ये, मग वाण मोज.”

त्यांच्या या बोलण्याला इतिहास आहे, तो सांगायलाच हवा.

मी लोणंदची. नीरा नदी ओलांडून पालखी सातारा जिल्ह्यात आली की पहिला मुक्काम आमच्या गावी. अण्णांची कांद्याची आडत होती. मुक्कामाच्या दिवसांत गाळा धुऊन काढायचा, पोती एका भिंतीला लावायची आणि उरलेल्या जागेत शंभरेक माणसं झोपायची. आई आणि चुलत्या पहाटेपासून भाकऱ्या थापत. आम्हा मुलांचं काम पाणी देण्याचं आणि चपलांच्या जोड्या लावण्याचं. अण्णा तेव्हा फक्त नीरेपर्यंत सामोरे जात आणि पादुकांचं स्नान झालं की पालखीबरोबर चालत परत येत. धंदा सोडून अठरा दिवस जाणं त्यांना परवडणारं नव्हतं. आडत भावाकडे दिल्यावर, बासष्टाव्या वर्षी, त्यांनी पहिली पूर्ण वारी केली. थोडक्यात, माझ्या लहानपणी वारी आमच्या दारात यायची. आपण उठून तिच्याकडे जायचं असतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

२०२३ साली कंपनीच्या कामासाठी पुण्यात होते आणि नेमकी पालखी पुण्यातून निघत होती. अण्णांना सांगितलं, पुणे ते सासवड तुमच्याबरोबर चालते. हा वारीतला सर्वांत मोठा टप्पा, तीस किलोमीटरच्या वर, आणि शेवटी दिवे घाट. मी ऑफिसात घालायचे बूट घालून गेले. फोटो पुष्कळ काढले. हडपसर येईपर्यंत दोन्ही टाचांना फोड आले होते. गर्दीत अण्णांची दिंडी पुढे गेली, फोन लागेना, आणि मी रिक्षा केली. हॉटेलवर येऊन पाय गरम पाण्यात सोडून बसले.

तिकडे सासवडच्या तळावर काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. ज्यांनी समाज आरती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. संध्याकाळी पालखी तळावर पोचली की सगळ्या दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार दंड उंच करतो आणि क्षणात सगळं शांत होतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातो आणि तक्रार ऐकतो. हरवलं-सापडलं तेही तिथेच पुकारलं जातं. त्या संध्याकाळी अण्णांची दिंडी वाजवत राहिली. हरवलेल्यांमध्ये माझं नाव पुकारलं गेलं. तिथे माझ्यासाठी ताट वाढून ठेवलेलं होतं.

अण्णा त्याबद्दल मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

यंदा बरडच्या मुक्कामाला त्यांचा घोटा सुजला. तिथून पुढे पंढरपूरपर्यंत ते दिंडीच्या ट्रकमध्ये, तंबू आणि पातेल्यांबरोबर बसून गेले. पुढच्या वर्षी चालणार, आणि ते शेवटचं, असं त्यांनी जाहीर केलं आहे. मी येते म्हटल्यावर त्यांनी एकच अट घातली. “पाव्हणी म्हणून यायचं असंल तर नको. भिशी भरायची, नेमलेलं काम करायचं, आणि मधी रिक्षा नाही.”

तर गेल्या उन्हाळ्यापासून हार्लेममध्ये माझी तयारी चालू आहे. दिवे घाटाची तयारी करायला याहून वाईट गाव शोधून सापडणार नाही. इथली सगळ्यांत मोठी चढण म्हणजे ब्लूमेंडालचं ‘कोप्ये’. वाळूची टेकडी, पन्नास मीटरांच्या आतली. मी ती एका सकाळी आठ वेळा चढले-उतरले. कुत्रा फिरवणाऱ्या एका आजोबांनी काही हरवलंय का म्हणून विचारलं. झांडफोर्टच्या बाजूच्या वाळूच्या टेकड्यांतून चालणं मात्र खरंच उपयोगी पडतं, कारण मऊ वाळूत पोटऱ्या कामाला लागतात. समोरून येणारा समुद्राचा वारा हा इथला घाट, अशी मी स्वतःची समजूत घालते.

लांब टप्प्यासाठी लायडनचा कालवा धरला. हार्लेम ते लायडन हा कालवा १६५७ मध्ये सुरू झाला. काठावरून घोडा चालायचा आणि दोराने प्रवासी होडी ओढायचा. काठाकाठाने चाललं की रस्ता चुकण्याची सोय नाही. सरळ, सपाट, संपता संपत नाही. तीस किलोमीटरच्या आसपास. पहिल्यांदा मी हिल्लेखोमला गाडी पकडून परत आले. दुसऱ्यांदा, एप्रिलमध्ये, हायसिंथच्या शेतांमधून लायडनपर्यंत पोचले. जवळजवळ सात तास लागले. तेच अंतर परतीच्या गाडीने वीस मिनिटांत कापलं आणि मला त्या गाडीचा रागच आला.

आमच्या शेजारच्या बाई सत्तरीच्या आहेत. त्या इथून स्पेनमधल्या सांतियागोपर्यंत चालत गेल्या आहेत. सुमारे अडीच हजार किलोमीटर, तीन उन्हाळ्यांत तुकड्या करून. आपल्या गावात हागेस्त्राट नावाच्या छोट्या रस्त्यावर संत याकोबचं एक लहानसं प्रार्थनाघर आहे, तिथून त्या निघाल्या. त्यांच्याकडून मी दोन गोष्टी शिकले. एक म्हणजे मेंढीची लोकर. इथल्या औषधांच्या दुकानात न धुतलेल्यासारखी दिसणारी लोकरीची पुडी मिळते. बोटांमध्ये आणि टाचेला तिचा पुंजका ठेवून वर मोजा घालायचा. फोड येत नाहीत. मी हजार प्रकारची मलमं आणि पट्ट्या करून दमले होते, ही साडेचार युरोंची पुडी त्या सगळ्यांना पुरून उरली.

दुसरी गोष्ट त्यांनी सहज बोलताना सांगितली. विमानाने स्पेनला जाऊन शेवटचे शंभर किलोमीटर चालणारे पुष्कळ असतात, पण जुनी पद्धत स्वतःच्या दारातून निघण्याची आहे. हे मी अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांना त्यात काहीच नवल वाटलं नाही. “मग? आपला अश्व कुठनं येतो?” माउलींचा अश्व शितोळे सरकारांचा. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून तो दरवर्षी आळंदीपर्यंत चालत येतो आणि मग तिथून पंढरपूरची वारी सुरू होते. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात पालखीची ही शिस्त बसवली तेव्हापासूनचं हे नातं आहे. मुक्ताईची पालखी खानदेशातून महिनाभर चालत येते, निवृत्तिनाथांची त्र्यंबकेश्वरहून, नाथांची पैठणहून. सगळ्या आपापल्या दारातून. “घोडा चालत येतो आणि तू विमानातनं,” अण्णा म्हणाले आणि हसले. माझ्या डोक्यात मात्र ते राहिलं.

मुलीचं सांगायचं राहिलं. ती तेरा वर्षांची आहे. मराठी समजतं, बोलताना क्रियापदं डच येतात. ती येणार हे तिनेच ठरवलं. मी विचारलं नव्हतं. तिला वारी म्हणजे ‘आवोंडफीरदाख्से’ वाटते. आपल्याकडच्या मुलांनी ते चार संध्याकाळींचं चालणं कधी ना कधी केलेलं असतंच: शाळेचा घोळका, गाणी, पेपरमिंट खोचलेलं लिंबू चोखत जायचं, शेवटच्या संध्याकाळी आईबाप फुलं घेऊन उभे. “तसंच, पण अठरा दिवस,” असं ती मैत्रिणींना सांगते. मी तिला दुरुस्त केलेलं नाही. फक्त शौचालयांबद्दल स्पष्ट बोलले. आता वाटेवर फिरती शौचालयं असतात, पण लाखांच्या गर्दीत रांगही असते, आणि बायकांना पहाटे तीनला उठण्यामागे नुसती भक्ती नसते. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, आजोबांना विचार, मी झांज वाजवू शकते का. शाळेच्या वाद्यवृंदात ती तालवाद्यांवर आहे.

मार्चमध्ये आम्ही दोघी शेजारच्या बाईंबरोबर आम्सटरडॅमच्या ‘स्टिले ओमखांग’ला गेलो. १३४५ साली घडलेल्या एका चमत्काराच्या स्मरणार्थ कॅथलिक लोक रात्री शहराच्या मध्यभागातून चालतात. ना झेंडा, ना मेणबत्ती, ना गाणं. पूर्ण मुक्याने. या देशात कॅथलिकांच्या उघड्यावरच्या मिरवणुकांवर बंदी होती, ती घटनेतून १९८३ मध्ये गेली. त्या बंदीच्या काळातच, १८८१ साली, दोघा गृहस्थांनी ही वाट काढली. नुसतं चालायला कोण मना करणार? शनिवारची रात्र, दोन्ही बाजूंना भरलेले बार, आणि मधून ही शांत रांग. कुणीतरी आमच्याकडे बघून ओरडलं, कुणी उत्तर दिलं नाही. माझ्या कानात मात्र सासवडचा तो एकच दिंडीचा टाळ वाजत होता, जो थांबत नव्हता. मुलीने घरी आल्यावर विचारलं, “इथे कुणी हरवलं तर कसं कळणार?” तिला ती सासवडची गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा सांगितली.

आता स्किपोलचं. ४ जुलैला सकाळी आम्ही दोघी घरातून विमानतळापर्यंत चालत जाणार आहोत. नवरा बॅगा घेऊन ३०० नंबरच्या बसने येईल. तो स्वतःला दिंडीचा ट्रक म्हणवतो. सप्टेंबरमधल्या एका रविवारी तालीम केली. स्पार्ना नदीच्या काठाने हेमस्टेड, तिथून क्रुकियस, जिथे १८४९ ते १८५२ या तीन वर्षांत अख्खं हार्लेमचं सरोवर उपसून काढणाऱ्या तीन पंपघरांपैकी एक अजून उभं आहे. कालवा ओलांडला की आपण सरोवराच्या तळाशी असतो. होफडॉर्पच्या पुढे डोक्यावरून विमानं जायला लागतात. सगळे मिळून सतरा किलोमीटर, समुद्रसपाटीखालून. वाटेत पाऊस लागला. चिखलाच्या बुटांनी आम्ही प्रस्थान कक्षात शिरलो तेव्हा चाकांच्या बॅगा ओढणारी माणसं आमच्याकडे बघत होती. मुलगी बाकावर बसली आणि तिने बूट-मोजे काढून टाच तपासली. फोड नव्हता.

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. त्यांनी आधी घोट्याबद्दल सांगितलं: सूज उतरली आहे, रोज नीरेच्या रस्त्याने तीन किलोमीटर चालतात, काठी घेऊन. मग दिंडीतलं काम ठरल्याचं सांगितलं. मला पहाटेची भाजी चिरायची आहे, मुलीला पाण्याच्या टँकरपाशी उभं राहायचं आहे. झांजेचं नंतर बघू. आणि आमच्या दोघींची भिशी मार्गशीर्षाच्या आत पोचली पाहिजे.

मी लोकरीबद्दल बोलले. ते हसायलाच लागले. “धनगरांच्या मेंढ्या आपल्या दारावरनं जातात. काटेवाडीला तर तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण होतं. आन् लोकर हॉलंडहून आणायची?”

मी म्हटलं, नको तर नको.

पलीकडे थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग म्हणाले, “चार पुड्या आण. दिंडीत म्हातारी माणसं आहेत.”