फवारणी

मे महिन्यात यवतमाळला एअरब्रश चालवायचा तर पहाटे पाचला. उन्हं वर आली की रंग हवेतच सुकतो आणि विमानावर पॉलिश पेपरसारखा खरखरीत बसतो.

१:७२ प्रमाणात मिग-२१चे ७.१५ मीटरचे पंख जेमतेम १० सेंटीमीटर होतात. १९७१च्या युद्धात आपल्या स्क्वाड्रननी चंदेरी मिग आपापल्या परीने कॅमोफ्लाजमध्ये रंगवले, म्हणून मला तेच करायला आवडतं. आधी फिकट रंग. तो सुकला की निळ्या पुट्टीच्या शेवया वळून रंगांच्या हद्दीवर ठेवायच्या, मधला भाग टेपने झाकायचा आणि हिरवा सरळ वरून मारायचा. शेवईच्या गोलाईमुळे कड किंचित धूसर होते. नुसत्या टेपने ती ब्लेडने कापल्यासारखी दिसते.

लॅकर थिनर असतो, म्हणून मी दोन फिल्टरचा मास्क लावतो.

परवा बाबा चहा घेऊन आले. "तोंडाले काय लावलं हे?"

"रंगाची वाफ छातीत जाते, बाबा."

ते गप्प. २०१७च्या खरिपात जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधेने २०हून जास्त माणसं गेली. मी इंजिनिअरिंगला होतो. बाबा पाठीवर पंप, तोंडाला दुपट्टा बांधून शेतात. फोनवर मी सबमिशनचंच बोललो होतो.

मास्क त्यांना दिला. लावला, लगेच काढला. "दम कोंडते यात. उन्हात कोन लावन?"

मग शेजारी बसून त्यांनीच पुट्टी सोलली, हलक्या हाताने. खालचा रंग कुठेच निघाला नाही.