वाऱ्याचा वाडा

नागाव, ता. अलिबाग
आषाढ शुद्ध अष्टमी

चि. सोनूस,


श्रीवर्धनला तासिका तत्त्वावर तुझी नेमणूक झाल्याचं दादाने काल फोनवर सांगितलं. पहिल्या वर्षाचा मराठीचा दोन क्रेडिटचा पेपर तुझ्याकडे आलाय, वर्गात नव्वद मुलं आहेत, आणि ‘यांना चार वाक्यं धड लिहिता येत नाहीत’ असं तू त्याला म्हणालीस. त्या एका वाक्यासाठी हे पत्र लिहायला बसले आहे. फोनवर हे बोलून झालं नसतं.

नोकरीच्या सुरुवातीची कितीतरी वर्षं मीही हेच म्हणत होते. पहिल्या तासाला फळ्यावर ‘पावसाळा’ लिहायचे आणि नव्वद कागद गोळा करायचे. नव्वद कागदांत एकच पाऊस असायचा. मोर नाचायचा, धरणीमाता हिरवा शालू नेसायची, बळीराजा आनंदायचा. उधाण कुठेच नसायचं. बंधाऱ्याला खांड पडून जिच्या शेतात खारं पाणी शिरलं आणि पुढे दोन वर्षं भात झालं नाही, ती मुलगीसुद्धा ‘पावसाळा हा सर्वांचा आवडता ऋतू’ असं लिहून कागद देऊन जायची. तिला लिहिता येत नव्हतं असं नाही. कागदावर स्वतःचं काही लिहायचं असतं, हेच बारावीपर्यंत तिला कोणी सांगितलं नव्हतं. पाठ केलेला निबंध उतरवला की गुण मिळतात, एवढा तिचा अनुभव.

मला खरं शिकवलं ते निसर्ग वादळानंतरच्या एका कागदाने. 3 जून 2020 ला वादळ आलं, मध्ये कोरोनाचं वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी दिवाळीच्या सुमारास वर्ग पुन्हा भरले तेव्हा मी मुलांना त्या दिवसाबद्दल लिहायला सांगितलं. मुरुड तालुक्यातल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘वाड्याने आमचं छप्पर उडालं.’ मी लाल पेनाने ‘वाड्याने’भोवती गोल केला आणि पुढे गेले. तीन ओळींनंतर पुन्हा ‘वाडा’. त्याच्या खाली ‘मण घाबरलं’. तिला बोलावून विचारलं, अगं, वाड्याने छप्पर कसं उडेल? ती खाली मान घालून म्हणाली, “मॅडम, घरी आम्ही गारी म्हणतो, घोरा म्हणतो, झार परला म्हणतो. शाळेत बाई म्हणायच्या, र नाही, ड म्हणा. मग वारा पण वाडाच असेल ना?”

सोनू, मी तो कागद घरी आणला आणि पुन्हा वाचला. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, दोन स्वरांमधल्या ‘ड’चा ‘र’ होतो, ‘घरात’चं ‘घरान’ होतं. ही मुलगी ते सगळं उलटं फिरवून पुस्तकी मराठीकडे निघाली होती. प्रत्येक ‘न’कडे, प्रत्येक ‘र’कडे संशयाने बघत होती. म्हणून मनाचं मण झालं आणि वाऱ्याचा वाडा झाला. तिच्या चुकीत नियम होता, मेहनत होती. निष्काळजीपणा माझा होता, कारण मी गोल केला आणि कारण विचारलं नाही.

पुढे वाचता वाचता कळलं की चुकीमागचं कारण शोधण्याची हीच गोष्ट न्यूयॉर्कमध्ये मिना शॉनेसी नावाच्या बाईंनी केली होती. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने 1970 मध्ये सरसकट प्रवेश खुले केले आणि ज्यांच्या घरात कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं अशी हजारो मुलं वर्गात आली. प्राध्यापक म्हणू लागले, यांना शिकवणं शक्य नाही. शॉनेसीबाईंनी त्या मुलांचे प्रवेशाच्या वेळचे सुमारे 4000 निबंध घेतले आणि चुका कशा घडतात ते शोधत बसल्या. 1977 मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांना दिसलं ते हेच, की या चुका वेड्यावाकड्या नसतात, त्यांच्यामागे विचार असतो, आणि तो विचार कळला तरच शिकवता येतं. त्या पुस्तकाने मला धीर दिला. पण आधी दिला होता तो त्या मुलीने.

आता तिच्या कागदाचं पुढे काय झालं ते सांगते, कारण शिकवण्याची रीत मला त्यातच सापडली. तिच्या पहिल्या लिखाणात शेवटी होतं, ‘आमच्या वाडीचे अतोनात नुकसान झाले.’ हा ‘ड’ मात्र बरोबर होता! मी विचारलं, अतोनात म्हणजे किती? तिला सांगता येईना. वादळाची सरकारी भरपाई आधी हेक्टरवर ठरली होती. नारळ-पोफळीच्या मिश्र वाड्यांना ते माप बसत नव्हतं, म्हणून नंतर झाडामागे दर आला, नारळाला 250 रुपये आणि सुपारीला 50. तेव्हा आकडा हा नुसता अलंकार नव्हता, त्यावर घरात येणारे पैसे ठरणार होते. पण त्यांच्या घरच्या अर्जातही ‘अतोनात’च लिहिलेलं. मी म्हटलं, शनिवारी घरी जाशील तेव्हा मोज. ती आजोबांना घेऊन बुंधे मोजून आली. एकशे बारा पोफळी, नऊ माड.

दुसऱ्या लिखाणात ते आकडे आले. आणि त्यांच्यामागोमाग, मी न विचारता, एक वाक्य आलं. झाडं गेल्यावर दुपारी स्वयंपाकघरात ऊन यायला लागलं, आणि आजी म्हणाली, लग्न होऊन आल्यापासून या चुलीवर ऊन कधी पडलं नव्हतं. हे वाक्य कुठल्या गाईडात मिळेल? मोजायला गेली नसती तर तिलाही ते आठवलं नसतं. मी ते वर्गात मोठ्याने वाचलं. मागच्या बाकांवर नेहमी चाललेली कुजबुज थांबली. त्यानंतर तिने ‘वारा’ स्वतःहून नीट लिहिला, कारण आता तिचं लिखाण नव्वद जण ऐकणार होते.

म्हणून माझं तुला एवढंच सांगणं आहे, की आधी वाच, मग तपास. मुलाला कळू दे की त्याने काय म्हटलंय ते कोणीतरी मन लावून वाचतंय. व्याकरण सोडायचं नाही. प्रमाण मराठी त्यांना यायलाच हवी, अर्ज, मुलाखत, स्पर्धा परीक्षा सगळं तिच्यातच आहे. फक्त ती दुसऱ्या खर्ड्यात आण, पहिल्यात नको. पहिल्या खर्ड्यात ‘मला’ऐवजी ‘मना’ आलं तर येऊ दे, ‘घरान’ आलं तर येऊ दे. माझ्या वर्गात कोर्लईची एक मुलगी होती. तिच्या घरी नॉ लिंग बोलतात, पोर्तुगिजांच्या काळापासून त्या एका गावात टिकलेली भाषा. तिला मी पहिल्याच दिवशी शुद्धलेखनाचे नियम दिले असते तर ती वर्षभर गप्प बसली असती.

नव्वद कागदांची भीती वाटेल. सगळे एकदम तपासू नकोस. एका आठवड्यात तीस घे आणि प्रत्येकावर एकच गोष्ट लिही. बाकीच्यांना जोडीने एकमेकांचं वाचू दे, आणि ऐकणाऱ्याने फक्त सांगायचं की कुठे काही दिसलं आणि कुठे दिसलं नाही. आणखी एक कर. त्यांना रोज ठरलेल्या वेळी एकच जागा बघून अर्धं पान लिहायला लाव, जेटी, बाजार, एसटी स्टँड, काहीही. अलिबागच्या वेधशाळेत 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत आहेत.  मी मुलांना तिथे नेऊन सांगते, की रोजच्या नोंदीतूनच वेगळा दिवस ओळखता येतो. आठवड्याभरात कोळ्यांच्या मुलांच्या वह्यांत भांगाची भरती आणि उधाण आपोआप येतात.

आणि दिवाळीनंतर मुलांना घेऊन एकदा इकडे ये, आपण आक्षीला जाऊ. तिथल्या शिलालेखाचं साल संशोधक तुळपुळ्यांनी शके 934, म्हणजे इ.स. 1012, असं वाचलं. त्यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत, पण मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याचं नाव घेतलं जातं. राजा कोण, प्रधान कोण, देवीला काय दिलं, ते दान मोडेल त्याला शाप काय, हे त्यात आहे. त्यात एकही हिरवा शालू नाही. आपल्या गावाशेजारच्या दगडावर कोणीतरी इतकं नेमकं मराठी लिहून ठेवलंय, हे पाहिल्यावर मुलांचे चेहरे बदलतात. आगरी बोलणारा एक मुलगा त्या दगडावरून हात फिरवत बराच वेळ उभा होता.

पहिले नव्वद कागद आले की त्यातले पाच-सहा मला पाठव. चांगले निवडू नकोस, ज्यांनी तुला वैताग आणला ते पाठव. आपण दोघी मिळून वाचू. पांढऱ्या कांद्याची एक माळ दादाकडे ठेवली आहे, जाताना घेऊन जा. श्रीवर्धनच्या दमट हवेत ती खाली ठेवू नकोस, आढ्याला टांग.

तुझी,
आत्या