नेमकं काय बोललात?

आमच्या अंबरनाथच्या बुवापाड्यात ‘ठाण्याला जाते’ याचे दोन अर्थ होतात. एक नोकरीचा. दुसरा, बोलणाऱ्याने कानशिलाजवळ बोट फिरवलं की कळतो. ठाण्याचं मनोरुग्णालय 1901 सालचं. पुण्याकडच्या लोकांनी येरवडा थट्टेला घेतलं, आम्ही ठाणं. त्यामुळे वयाच्या 46व्या वर्षी मी शेजारणीला म्हटलं, की मला मनाच्या दुखण्यांवरचं शिक्षण घ्यायचंय, ठाण्याला चौकशीला चाललेय, तेव्हा मेथी निवडता निवडता तिने मान वर केली. “स्वतःच्या पायांनी?”

हसलो दोघीही. 1990 मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी त्याच ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ सुरू केली आणि स्वतःच्या पायांनी येणारी माणसं तिथे वाढली, हे मी तिला सांगितलं नाही. मेथी निवडताना असलं काही सांगू नये.

मी आनंदनगर एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात 22 वर्षं पगारपत्रकं करते. पगाराच्या खिडकीशी माणसं फक्त पैशांसाठी येत नाहीत. ओव्हरटाइम कमी लागला म्हणून येतात आणि बोलतात माहेरी निघून गेलेल्या बायकोबद्दल. पीएफची उचल कशासाठी, हे फॉर्मवर एका ओळीत मावतं. खिडकीशी त्याला अर्धा तास लागतो. ‘मॅडम ऐकून घेतात’ अशी माझी ख्याती होती. मलाही ते खरं वाटायचं.

बॉयलरवरच्या एका भाऊंचा थोरला मुलगा रूळ ओलांडताना गेला. महिनाभराने ते रजेचा अर्ज घेऊन आले आणि खिडकीशी नुसते उभे राहिले. मी बोलायला लागले. धाकट्याकडे बघा, वहिनींना सांभाळा, रात्रपाळी बदलून घ्या, वेळ हेच औषध. ते “हो मॅडम” म्हणाले आणि गेले. आता सहीपुरते येतात.

माझ्या डोक्यात शिकण्याचं खूळ शिरलं ते त्या “हो मॅडम”मुळे.

खूळ म्हणायचं कारण आहे. आप्पा विम्कोत होते. काड्यापेट्यांचा तो कारखाना बंद पडला. उरला आहे विम्को नाका, रिक्षावाल्याला सांगायला. आमच्या घरात काम बदलणं म्हणजे काम जाणं. आपण होऊन, चालती नोकरी सोडून कुणी काम बदलतं, हे आईला अजून नीट समजलेलं नाही. ती रोज विचारते, “साहेबांशी भांडलीस का?”

मी बी.कॉम. मानसशास्त्राच्या एम.ए.ला कित्येक ठिकाणी आधी मानसशास्त्राचीच पदवी मागतात. इग्नूचं तसं नव्हतं. कुठलाही पदवीधर चाले, पुस्तकं घरी येत, नोकरी सांभाळून दोन वर्षांत एम.ए. मी पैसे बाजूला काढत होते, मुलाचा डिप्लोमा संपायची वाट बघत होते. तो संपला आणि ऑगस्ट 2025 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरशिक्षणातून आणि ऑनलाइन मानसशास्त्र शिकवणंच बंद करायला सांगितलं, तेही त्याच सत्रापासून. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांच्या 2021च्या कायद्यात हा विषय येतो, म्हणून. दोन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. ज्यांच्या घराजवळ कॉलेज आहे आणि दुपार मोकळी आहे, त्यांच्यासाठी हा नियम ठीक. सकाळी पाणी भरून, डबे करून आठला गेटवर कार्ड पंच करणाऱ्या बाईने काय करायचं, याचा विचार त्या कागदावर कुठे दिसला नाही. माझा हा राग अजून गेलेला नाही.

पण रागाच्या भरात मी कायदे वाचायला लागले. (पगारपत्रक करणाऱ्याला कायद्याची भाषा पचते.) 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला म्हणायचं याची व्याख्या आहे. पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली अर्हता, किंवा एम.ए.नंतर पूर्णवेळ दोन वर्षांचं एम.फिल. आणि त्यात कुणाच्या तरी देखरेखीखाली केलेलं रुग्णांबरोबरचं काम. बाकीच्या अटी मी भराभर वाचल्या. देखरेखीपाशी अडले. 22 वर्षं मी खिडकीशी ऐकत होते, आणि माझं ऐकणं कुणी तपासलं नव्हतं.

आपल्या भाषेनेही इथे थोडा घोटाळा करून ठेवलाय. समुपदेशन! शब्दाच्या पोटातच उपदेश बसलेला. मी त्याच शब्दाला जागत होते म्हणायचं.

आमच्या गल्लीतली एक मुलगी एम.एस.डब्ल्यू. झाली आहे. तिच्याकडे गेले ते फीची चौकशी करायला. तिने जुन्या वह्या काढल्या. समाजकार्याच्या शिक्षणात आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असतं, वस्तीत, इस्पितळात, जिथे नेमतील तिथे. मग त्याचा अहवाल लिहायचा, आणि पर्यवेक्षकांसमोर एकट्याने बसून त्यावर बोलायचं. तिच्या वहीत एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘मी त्यांना धीर दिला.’ शेजारी लाल शाईत: ‘कसा? नेमकं काय बोललात?’

त्या रात्री मी पगारपत्रकाच्या कोऱ्या पाठीवर बॉयलरवरच्या भाऊंशी झालेलं बोलणं आठवून लिहून काढलं. माझ्या 11 ओळी झाल्या. त्यांच्या 2. त्यातली एक “हो मॅडम”.

म्हणून एम.एस.डब्ल्यू. कुठल्याही शाखेच्या पदवीवर अर्ज करता येतो, हा एक सोयीचा भाग. या शिक्षणाची देशातली पहिली शाळा 1936 मध्ये मुंबईतच, नागपाड्यात निघाली. पुढे तीच टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली आणि देवनारला गेली. मी तिथला अर्ज बघितला, चर्चगेटच्या निर्मला निकेतनचाही बघितला. देवनार म्हणजे कुर्ल्याला गाडी बदलून गोवंडी; निर्मला निकेतन म्हणजे सीएसएमटीपर्यंत बसून आणि पुढे चालत. मला दुसरं बरं वाटतं. कॉलेजच्या नावापेक्षा गाडी बदलावी लागते का, यावर निवड करतेय हे मुलाला सांगितलं तर तो डोक्याला हात लावेल. पण गुडघे त्याचे नाहीत. प्रवेश मिळेल की नाही ही गोष्ट वेगळी. वर्गात मी बहुधा सगळ्यांची आई दिसेन. आणि दोन वर्षांनी दारावर ‘सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावता येणार नाही, हेही मी हिशेबात धरलंय. नोकरी सोडावी लागेल; ग्रॅच्युइटीचा हिशेब तर मीच करणार आहे.

परवा शेजारीण पुन्हा मेथी घेऊन बसली होती. मी समोर बसून एक जुडी सोडली. बऱ्याच वेळाने, मान वर न करता ती म्हणाली, “अगं, तिथं माणूस जे बोलतं ते बाहेर जात नाही ना?”

“कुठं?”

“ठाण्याला. किंवा तू शिकशील तिथं.”

“नाही जात.”

माझ्या तोंडाशी चार वाक्यं आली होती. मी मेथीच्या काड्या मोडत राहिले.

“तुझं शिकून व्हायला किती वर्षं?”

“दोन.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने दुसरी जुडी सोडली.