कोणाचं नाव सांगायचं

वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ३९व्या कलमात एक अट आहे. बेकायदा मारलेलं रानातलं जनावर सरकारच्या मालकीचं, त्याचं मटणही सरकारचं, आणि ते ज्याच्या हाती येईल त्याने ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याला कळवायचं. १९७२ साली दिल्लीत बसून ही ओळ लिहिणाऱ्याने आमच्या दिग्रस तालुक्यातला स्टीलचा डबा पाहिला नसावा. रात्री नऊ-साडेनऊला एखादं पोरगं गाडीवर येतं, "काकानं देल्लं" एवढंच बोलून डबा ओट्यावर ठेवतं आणि निघून जातं. कशाचं आहे, हे विचारायचं नसतं. दोन तासांत सरकारी मालमत्ता फस्त होते. दुसऱ्या दिवशी डबा घासून परत जातो, तोही रिकामा द्यायचा नाही म्हणून मूठभर साखर घालून.

आमच्या घरात तुळशीची माळ आहे, त्यामुळे डबा आमच्या दारावरून पुढे जातो. पण तो कोणाकडून निघाला आणि कोणाकडे गेला, हे मला माहीत असतं. गावात सगळ्यांना माहीत असतं. माहीत असणं आणि सांगणं यांच्यामध्ये जी जागा आहे, तिथे आम्ही निम्मं आयुष्य काढतो.

सांगायची सोय आहे. १९२६ हा वनखात्याचा फुकट नंबर आहे. कायद्यात खबऱ्याला बक्षीससुद्धा आहे. आरोपीला दंड झाला तर त्याच दंडातून न्यायालय ते देऊ शकतं. म्हणजे आरोपी माझाच भाऊ असेल, तर त्याने भरलेल्या पैशातून मला वाटा. ही तरतूद वाचली तेव्हा मला हसू आलं आणि मग जरा किळसही आली. शिवाय नाव गुप्त ठेवू म्हणतात, पण वनरक्षक याच भागात राहणारा, चहा पिणार त्याच टपरीवर. पीओआर, म्हणजे वनगुन्ह्याचा पहिला अहवाल, फाटल्यावर गावात पहिला प्रश्न "कोणी मारलं?" हा नसतोच, "कोणी सांगितलं?" हा असतो.

नात्याची अडचण कायद्याला अगदीच कळत नाही असं नाही. गुन्हेगाराला लपवून ठेवणं हा गुन्हा आहे, पण नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला लपवलं तर त्यांना सूट आहे. जुन्या दंडसंहितेत ती होती, २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेतही आहे. भावाला, साडूला, शाळासोबत्याला मात्र ती नाही. नुसतं गप्प बसणं म्हणजे लपवणं नव्हे, असं कोणताही वकील सांगेल. म्हणून तर आम्ही सगळे निवांत गप्प बसतो.

माझा मोठा मावसभाऊ शेतकरी आहे. धावंडा नदीच्या अंगाला चार एकर, सोयाबीन आणि तूर. रानडुकरांचा कळप रात्रीतून शेतात शिरला की काय होतं, ते सकाळी बांधावर उभं राहून बघावं. खातात थोडं, लोळतात जास्त. तासच्या तास उकरलेली, शेंगा दाणा भरायच्या आधीच चिखलात, आणि मधूनच जनावर बसून उठल्यासारखी गोल सपाट जागा. उरलेल्या तुरीचे शेंडे रोही (नीलगाय) खातो, तोही उभ्याउभ्या, माणसाकडे बघत. ज्वारी आणि भुईमूग तर आमच्याकडच्या कितीतरी लोकांनी या जनावरांपायीच सोडले. नुकसानभरपाई आहे, पण त्यासाठी पंचनामा हवा, आणि पंचनाम्यासाठी वनखात्याचा माणूस आणि कृषी खात्याचा माणूस एकाच दिवशी शेतात उभे राहायला हवेत. तोवर पाऊस येतो आणि खुणा धुऊन नेतो.

भावाने गेल्या हंगामात तार लावली. तुराट्यांच्या खुंट्या, त्यावर वीतभर उंचीवर बारीक तार, आणि खांबावरून आकडा. मी म्हटलं, "भाऊ, हे काय?" तर म्हणे, "डुक्कर म्हंजे काय वाघ हाय का बे?"

वाघ नाही, हे खरं. पण तारेला ते कळत नाही. २०१७च्या एप्रिलमध्ये चंद्रपूर जिल्ह्यात नागभीडकडे श्रीनिवास नावाचा वाघ असाच गेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा तो बच्चा, गळ्यात रेडिओ कॉलर. तार डुकरासाठी होती. शेतकरी घाबरला आणि त्याने वाघ शेतातच पुरला. आधी सापडली ती कॉलर, वाघ नंतर उकरून काढावा लागला. पांढरकवड्याजवळच्या टिपेश्वरातला एक वाघ तर २०१९मध्ये चालत चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत पोचला. त्या पायपिटीत त्याने किती शेतं ओलांडली असतील आणि त्यातल्या किती शेतांत त्या रात्री तार नव्हती म्हणून तो पोचला, याचा हिशेब कोणाकडे असणार? आणि वाघाचं सोडा. रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, परसाकडे गेलेला सालदार, भावाचा स्वतःचा पोरगा. विदर्भातल्या पेपरांत आतल्या पानावर ही बातमी दर हंगामात असते आणि मेलेला माणूस बहुधा त्याच गावचा निघतो.

त्यामुळे तारेबाबत माझ्या मनात फारशी घालमेल नाही. माझी अडचण वेगळी आहे.

आम्ही तक्रार करत नाही, हे खोटं आहे. आम्ही करतो, पारध्याची करतो. माळावर फासेपारध्याचं पाल दिसलं, बाईच्या टोपलीत दोन तितर दिसले, की गावातला सगळ्यात भित्रा माणूससुद्धा फोन फिरवतो. तेव्हा कोणाला सोयरीक आठवत नाही, बिचारेपण आठवत नाही, "पोटासाठी करतो" हेही कोणी म्हणत नाही. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्यांत पारधीही ओढले गेले. तो शिक्का कागदावरून पुसला १९५२मध्ये, पण आमच्या बोटांना अजून तोच नंबर पाठ आहे. केसाच्या फाशात लावा धरणारा आरोपी आणि अकरा हजारांच्या लाइनवर आकडा टाकणारा बिचारा शेतकरी, अशी आमची वाटणी.

बरं, याच पारध्यांपैकी काहींनी शेजारच्या अकोला-वाशिम भागात 'संवेदना' या संस्थेबरोबर तणमोराचं गवताळ रान राखायचं काम उभं केलं. शिकार थांबवायची तर ती आपल्या माणसांची थांबवायची, हे त्यांना सांगावं लागलं नाही, कारण त्यांच्या रानात शिकार करणारे दुसरे कोण होते? हे आमच्या पांढरपेशा निसर्गप्रेमापेक्षा अवघड काम आहे. काळवीट मारल्याबद्दल राजस्थानातल्या कांकाणीच्या बिश्नोईंनी १९९८मध्ये एका सिनेनटाविरुद्ध केलेली तक्रार देशाला माहीत आहे. २०१८मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने पाच वर्षांची शिक्षा सुनावली, मग अपील झालं. त्या लोकांना हात जोडावेत असंच ते प्रकरण आहे. पण माझ्यासाठी त्यातून शिकण्यासारखं कमी आहे, कारण मारणारा मुंबईहून आलेला होता. त्याच्या बहिणीच्या लग्नात त्यांना जेवायला जायचं नव्हतं.

म्हणून मी स्वतःसाठी एक साधी कसोटी ठेवली आहे. हेच काम एखाद्या पारध्याने केलं असतं तर मी फोन केला असता का? उत्तर हो असेल, तर भावासाठीही हो. आणि भावासाठी नाही असेल, तर पुढच्या वेळी पालापाशी टोपली दिसल्यावर फोन खिशातच राहायला हवा.

या कसोटीवर माझा एक शाळासोबती पहिल्या फटक्यात नापास होतो. त्याला शेत आहे, पण ते दुसऱ्याला लावलेलं. दुकान बरं चालतं. हिवाळ्यात गाडीवर दोघं, मागच्याच्या हातात मोठी बॅटरी. उजेडात ससा बावरून थांबतो आणि हे त्याला शौक म्हणतात. फोटोही पाठवतात, गटावर, वर हसरे चेहरे. त्याला मी एकदा नीट सांगितलं, पुन्हा फोटो आला तर तो रेंजर साहेबांकडे जाईल म्हणून. त्याने मला गटातून काढलं. त्याबद्दल मला झोप न आल्याचं आठवत नाही.

भावाचं तसं नाही. त्याला तोंडावर सांगितलं की तार काढ, नाही तर मी महावितरणला आणि १९२६ला, दोघांनाही कळवीन. तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी घरी आला आणि म्हणाला, "मंग मारू कसा, ते तूच सांग." प्रश्न रास्त होता. कायद्याच्या ११व्या कलमात उभ्या पिकाला धोका ठरलेल्या जनावरासाठी परवान्याची वाट आहे. रानडुक्कर २०२२च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत गेलं, तरी ती वाट बंद झालेली नाही. अर्ज मी बसून लिहून दिला. गट नंबर, पीक, नुकसानीची तारीख, खाली त्याची सही.

अर्ज अडलाय सातबाऱ्यावर. त्याच्या जमिनीवर अजून वडिलांचंच नाव आहे, फेरफार व्हायचा आहे. तार सध्या गुंडाळून गोठ्यात वळचणीला टांगलेली आहे, मी जाऊन पाहून आलो. पुन्हा शेतात दिसली तर फोन करीन, हे त्याला सांगून ठेवलंय. त्याने ते वहिनीला सांगितलं, आणि वहिनी आता माझ्याशी बोलत नाहीत.