टेबल मांडणारा

जुगारबंदीच्या कायद्याचा मला मनापासून राग होता. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा 1887 सालचा, इंग्रजांनी केलेला. सज्ञान माणसाने आपले पैसे कुठे घालवावेत हे सरकारने का सांगावं, असं मी तावातावाने बोलायचो. पणजीत मांडवीच्या पात्रात कॅसिनोची जहाजं राजरोस उभी, आपलं सरकार स्वतः लॉटरी चालवतं, आणि पारावर पत्ते कुटणाऱ्यांवर मात्र धाड! महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अमलातच आणला नाही. तो आणा, कर घ्या आणि मोकळे व्हा, हे माझं ठाम मत होतं.

त्या ठामपणाखाली एक तुच्छता होती. जुगारात बुडालेला माणूस मला दुबळा वाटायचा. हाव त्याची, तर भोगही त्याचे. स्वातंत्र्याचं नाव घेऊन मी त्याच्याकडे पाठ फिरवत होतो.

ओळखीच्या एका रिक्षावाल्याला बोलवायला मी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये गेलो. भर दुपारी आत अंधार, काचांना काळे कागद. मशीनवर दोन चित्रं जुळली, तिसरं अगदी जागेवर येऊन जरासं पुढे सरकलं. ‘थोडक्यात हुकलं,’ तो म्हणाला आणि त्याने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तसंच, पुन्हा तेच शब्द. पैसे संपले तेव्हा गल्ल्यावरच्या पोराने न मागताच वहीत त्याचं नाव लिहिलं, पॉइंट चढवले, वर चहा पाठवला. रिक्षावाला घामाघूम झाला होता आणि तो पोरगा निवांत होता. ज्याला कसलीच धाकधूक नाही तो जुगार खेळतच नसतो, तो धंदा करत असतो. इतकी साधी गोष्ट मला तोवर दिसली नव्हती, कारण मी खेळणाऱ्यालाच नावं ठेवण्यात गुंतलो होतो.

मग मी हिशेब मांडला. एक शून्य असलेल्या रुलेटच्या चाकावर 37 घरं असतात. प्रत्येक घरावर 100 रुपये लावले तर 3700 जातात आणि हाती 3600 येतात. उरलेले 100 टेबलाचे. त्यात नशिबाचा संबंध नाही. ज्या कायद्याला मी न वाचताच जुनाट म्हणत होतो, तो त्यानंतर वाचला. पत्त्यांसारख्या खेळांत जुगाराचा अड्डा कशाला म्हणायचं, तर जिथे जागा चालवणाऱ्याच्या नफ्यासाठी खेळाची साधनं ठेवली किंवा वापरली जातात त्या जागेला. कलम 4 अड्डा चालवणाऱ्यासाठी आहे, खेळणारा येतो कलम 5 मध्ये. त्या जुन्या कायद्याला गल्ल्यावरचा माणूस माझ्याआधी दिसला होता.

2023 मध्ये कॅसिनोचा तो कायदा रद्द झाला, तेव्हा मला बरं वाटलं. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद केले. त्यात खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हीच विभागणी मला न्याय्य वाटते. धाडीनंतर खेळणाऱ्यांची नावं छापून त्यांची अब्रू काढणं मला आजही पटत नाही. माणसाचं स्वातंत्र्य मला आजही तितकंच प्रिय आहे. पण त्याने हरावं म्हणूनच बनवलेलं मशीन त्याच्या वाटेवर मांडून त्यावर कमाई करणं, हा कोणाचाही हक्क नाही.