बाळोते

संत लूकच्या शुभवर्तमानात देवदूत मेंढपाळांना जी खूण सांगतो ती अगदी घरगुती आहे. बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत निजविलेले एक अर्भक त्यांना आढळेल, एवढेच. दर नाताळला आपण गोठा उभारतो, त्यात पेंढा, तारा, गाय-गाढव सारे मांडतो. बाळंत्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. जुन्या करारातील ज्ञानग्रंथाच्या सातव्या अध्यायात तर राजाच पुढे होऊन सांगतो की, आपण बाळंत्यात वाढलो आणि कोणत्याही राजाचा आरंभ याहून निराळा नसतो. जर्मनीतील आखेनच्या कॅथेड्रलमध्ये येशूचे बाळंते म्हणून एक वस्त्र शतकानुशतके जतन केलेले आहे. दर सात वर्षांनी ते भाविकांपुढे आणतात. २०२१ चे दर्शन महामारीमुळे २०२३ मध्ये झाले. त्या वस्त्राविषयी इतिहासकार काय म्हणायचे ते म्हणोत. आमच्या मनात येणारा प्रश्न निराळा आहे. बेथलेहेमात ते धुतले कोणी?

शुभवर्तमान याविषयी मौन पाळते, आणि त्यात नवल नाही. आपल्या घरांच्या आठवणींतही बाळाचे बारसे कोणी केले, स्नानसंस्काराला धर्ममाता कोण होती हे सांगितले जाते; बाळोती कोणी धुतली हे कोणी सांगत नाही.

वसईच्या आमच्या वाड्यांत बाळोते विकत आणण्याची चाल नव्हती. आजीचे विटलेले लुगडे, आजोबांचे जुने धोतर फाडून त्याचे चौकोन करीत. यात काटकसर होती, तसे शहाणपणही होते. नव्या सुती कापडात खळ आणि कापसाचा नैसर्गिक तेलकटपणा असतो, त्यामुळे ते पाणी चटकन शोषीत नाही. वर्षानुवर्षे धुतलेले धोतर मऊ असते आणि ओल लगेच पिऊन घेते. आज तयार लंगोट आणणाऱ्यांनीही ते वापरण्यापूर्वी चार-पाच वेळा धुऊन घ्यावेत. तान्हे मूल दिवसातून दहा-बारा वेळा ओले करते, म्हणजे दोन-तीन डझन तरी हाताशी हवेत.

धुण्याची रीत सोपी आहे, पण तिचा क्रम मोडता येत नाही. घाण आधी संडासात झटकून टाकावी आणि कापड गार पाण्यात खळबळून घ्यावे. थेट कढत पाण्यात बुडविले तर डाग धाग्यात पक्का बसतो. त्यानंतर गरम पाणी आणि साबण. साबण बेताचाच असावा. फेस जितका अधिक तितकी स्वच्छता अधिक हा आपल्याकडचा एक जुना भ्रम आहे. राहून गेलेला साबण बाळाच्या जांघेत लालसर चट्टे उठवितो आणि कापडाची शोषण्याची शक्तीही घटवितो. म्हणून शेवटच्या पाण्यात फेस दिसेनासा होईपर्यंत खळबळावे. कपडे मऊ आणि सुवासिक करणारी जी द्रव्ये बाजारात मिळतात, ती बाळोत्याला लावूच नयेत. त्यांचा थर धाग्यावर बसतो आणि ओल वरच्यावर राहते.

ओली बाळोती रात्रभर तशीच पडली की जो उग्र दर्प येतो तो अमोनियाचा. मूत्रातील युरियाचे जंतू विघटन करतात आणि अमोनिया तयार होतो. कोवळी त्वचा त्याने पोळते. ‘ओले आहे, घाण नाही’ असे म्हणून न धुता नुसतेच वाळविलेले बाळोते बाळाला पुन्हा बांधणे, हे म्हणूनच बरे नव्हे.

आता थोडे गंभीर. पहिल्या मुलाची बाळोती दुसऱ्यासाठी जपून ठेवण्याची आपली पद्धत स्तुत्य आहे. परंतु ट्रंकेत कपड्यांबरोबर डांबराच्या गोळ्या टाकण्याचीही आपली पद्धत आहे. या गोळ्यांत नॅप्थलीन असते. काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे एन्झाइम जन्मतःच कमी असते, आणि ते आई-वडिलांना ठाऊक असतेच असे नाही. अशा मुलाच्या अंगाला नॅप्थलीनचा वास भरलेले कापड लागले, की त्याच्या तांबड्या पेशी भराभर फुटू लागतात. तीव्र कावीळ होते. ती मेंदूपर्यंत पोहोचली तर मूल जन्माचे अधू होते किंवा दगावते. जुन्या दुपट्यांमुळे असे घडल्याच्या नोंदी वैद्यकशास्त्रात आहेत. तेव्हा बाळाच्या कपड्यांजवळ डांबराची गोळी नको म्हणजे नको. कडुलिंबाचा वाळलेला पाला घालावा, आणि बाहेर काढल्यावर सारे पुन्हा धुऊन उन्हात टाकावे.

ऊन हे बाळोत्याचे खरे औषध. ओलेपणीच उन्हात पसरले तर पिवळे डाग आपोआप फिके होतात. पावसाळ्यात मात्र आपल्या किनाऱ्यावर चार-चार दिवस काही वाळत नाही. पूर्वी शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तीवर बाळोती सुकवीत. धुराचा वास बाळाच्या अंगाला येई आणि एखादे कापड करपेही. आज पंखा आणि इस्त्री आहे.

डायपर वापरणाऱ्या मातांना दोष देण्याचे आमच्या मनात नाही. पहाटे स्वयंपाक उरकून विरारहून चर्चगेटची गाडी पकडणाऱ्या स्त्रीला बाळोत्यांचे माहात्म्य सांगणे सोपे असते. बादली उचलणे अवघड. शिवाय कापड म्हणजे पुण्य आणि डायपर म्हणजे पाप असा सरळ हिशेबही नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २००८ मध्ये दोहोंची तुलना केली, तेव्हा कर्बवायूंच्या दृष्टीने त्यांत फारसे अंतर आढळले नाही. कापडी लंगोट दोरीवर वाळविले, यंत्र पुरते भरून धुतले आणि तेच दुसऱ्या मुलाला वापरले, तर मात्र त्यांचा भार सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरत होता. आमच्या आज्यांनी हे कोणत्याही अहवालाविना केले होते!

पण त्या आज्यांच्या काळाचेही आम्हांला गोडवे गायचे नाहीत. विहिरीवर बाळोती धूत बसलेली सून, किंवा बाळंतपणापुरती ठेवलेली मजूर बाई, तिचे भेगाळलेले हात कोणी पाहिले नाहीत. शेवटी बाईला एक लुगडे आणि पायलीभर तांदूळ दिले की हिशेब मिटे. आणि आज उघडाच फेकलेला डायपर कचऱ्यातून निवडून काढणारे हात तरी कोणाचे असतात? २०१६ च्या घनकचरा नियमांनी तो नीट गुंडाळूनच देण्यास सांगितले होते. किती घरांत ते पाळले गेले, हे बावखलांच्या काठांवरून फिरताना दिसते. कापड असो वा डायपर, ओझे आपल्या दारातून ढकलले की ते कुठल्यातरी दुसऱ्या हातांवर जाऊन पडते.

अलीकडे आमच्या वाडीत एक तरुण बाप सकाळी कामावर जाण्यापूर्वी गॅलरीत बाळोती वाळत घालताना दिसतो. पहिल्यांदा शेजारणी हसल्या. तो चौकोनाची टोके ताणून, सुरकुती काढून, एकेक कापड दोरीवर टाकतो. चिमटे कमी पडले की त्याच शेजारणींकडे मागतो.